आम्हा पंचांसमक्ष

गिरण्यांच्या संपाचं दुसरं वर्ष होतं. एप्रिलमधल्या एका मंगळवारी, दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, मध्य रेल्वेवरच्या एका उपनगरात, इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या निवृत्त शिक्षिकेचा गळा दाबून खून झाला. हातातल्या दोन पाटल्या आणि गळ्यातली साखळी गेली होती. दाराची कडी शाबूत होती. म्हणजे दार बाईंनी स्वतःच उघडलं होतं.

ही बातमी मी दिली. एका मराठी दैनिकाचा मी त्या भागातला वार्ताहर होतो. वरच्या परिच्छेदातला प्रत्येक शब्द मी तेव्हाही तपासून लिहिला होता. त्यात चूक नाही. चूक पुढे आहे, आणि ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. आईला नाही. बायकोला नाही. तुम्हाला का सांगतो आहे? माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कदाचित.

उपनगराचं नाव, ठाण्याचं नाव, माणसांची नावं मी लिहिणार नाही. भीती वाटते म्हणून. इतकी वर्षं झाली, त्यातले बरेच जण गेले — तरी वाटते. 

चौथ्या दिवशी, शुक्रवारी, एक माणूस पकडला गेला. मूळचा कोकणातला, गिरणीत होता, संप लांबल्यावर घरांना चुना आणि रंग मारायची कामं करू लागला होता. बाईंच्या इमारतीचा जिना त्यानेच रंगवला होता. मी त्याला इथे रंगारीच म्हणतो. 

त्या दिवशी मी नेहमीप्रमाणे अकराच्या सुमाराला ठाण्यात गेलो. रोजचा रिवाज होता. हवालदार रात्रीच्या घटना वाचून दाखवायचा, मी टिपून घ्यायचो, चहा यायचा. त्या दिवशी टेबलावर एक रुमाल होता. रुमालात दोन पाटल्या आणि साखळी.

फौजदार खुशीत होते. म्हणाले, “बसा. आज तुमचं काम आहे. पंच व्हा.”

पंच म्हणजे काय हे मला चांगलं माहीत होतं. आरोपी पोलिसांना चोरीचा माल जिथून काढून देतो, तिथे दोन तटस्थ माणसं हजर लागतात. त्यांनी डोळ्यांनी पाहायचं, कागदावर सही करायची, आणि वेळ आली की कोर्टात तेच सांगायचं. कोर्ट पोलिसांच्या एकट्याच्या शब्दावर विसंबत नाही. विसंबतं ते या दोघांवर.

मी विचारलं, “जायचं कुठे?”

हवालदार हसला. “आता कुठे जातोस बाबा उन्हातून? सकाळीच काढून दिला त्याने माल. मिठागराच्या बांधावरून, दगडाखालून. पंच मिळाले नाहीत तेवढ्या सकाळी. खोटं काही नाही रे त्यात. फक्त तू नव्हतास.”

फक्त मी नव्हतो. हे वाक्य मी किती वेळा स्वतःशी म्हटलं असेल? ते ऐकलं तेव्हा मात्र मला काहीच वाटलं नाही. ठाण्यात असंच चालायचं. समोरचा पानवाला तर इतक्या पंचनाम्यांवर पंच होता की त्याला कोर्टाचे शिपाई नावाने ओळखायचे. दुसरी सही त्याची होती, ती आधीच झालेली होती — कोऱ्या कागदाच्या तळाशी.

मी नाही म्हणू शकलो असतो. पण मग उद्यापासून माझ्यासाठी ठाण्याची डायरी उघडली नसती. बातमी दुसऱ्या दैनिकाला गेली असती. एवढंच होतं. कुणी धमकी दिली नाही. त्या दिवशी तरी नाही.

इथवरचा भाग सांगणं सोपं आहे. असं करणारे पुष्कळ होते. पण मी एवढ्यावर थांबलो नाही.

हवालदार लिहायला बसला आणि पहिल्याच ओळीला अडखळला. फौजदार म्हणाले, “वार्ताहर, तुम्हीच सांगा त्याला मजकूर. याचं लिहिलेलं वाचायला कोर्टात आणखी दोन पंच लागतात.”

सगळे हसले. मीही हसलो. आणि सांगायला लागलो.

‘आम्हा पंचांसमक्ष आरोपीने स्वखुशीने निवेदन केले की...’ मी सांगत होतो, हवालदार लिहीत होता. जीप कुठे थांबली, बांधावरून आरोपी पुढे आणि आम्ही मागे कसे चाललो, किती पावलांवर दगड होता, रुमालाला माती कशी लागलेली होती. मिठागर माझ्या घराजवळच होतं. वाट पाठ होती. वेळही मीच घातली.

मजकूर कोरडा वाटत होता. बातमीत असं झालं की आम्ही एक तपशील घालायचो. ज्याचा मुद्द्याशी संबंध नाही असा, पण जो वाचून माणूस तिथे होता असं वाटेल असा. वरिष्ठांनी हेच शिकवलं होतं. मी क्षणभर थांबलो.

मागच्या कोठडीतून आवाज येत होता. मघापासून येत होता. “वायच पाणी द्या हो... ओ सायब, वायच पाणी.”

मी सांगितलं, ‘बांधावर जाताना आरोपीने पाणी मागितले. हवालदारांनी त्यास जवळच्या झोपडीतून पाणी आणून पाजले.’

हवालदाराने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, “झकास.” आणि लिहिलं.

मी सही केली, चहा संपवला आणि निघालो. निघेपर्यंत आवाज चालू होता. टेबलावर पाण्याचा जग होता, माझ्या हातापासून वीतभर. मी उठून पाणी दिलं नाही. कुणीच दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी बातमी आली, ‘शिक्षिकेच्या खुनाचा छडा’. पंचांचा उल्लेख मी केला नव्हता. त्याच संध्याकाळी मी सुताराला बोलावून आमच्या दाराला आतून दुसरी कडी बसवून घेतली. दुपारी आई घरात एकटी असायची. तिने विचारलं, “चोर गावलो म्हणतंस, मगे दुसरी कडी कित्याक रे?”

मी काहीतरी उत्तर दिलं. पण तिचा प्रश्न बरोबर होता. चोर सापडला होता तर मी कशाला घाबरत होतो? तो खराच गुन्हेगार असेल, तर मी फक्त न पाहिलेलं लिहिलं. तो नसेल तर खून करणारा बाहेर होता, आमच्याच भागात, आणि त्याला आता कुणीही शोधत नव्हतं. हे मला कडी बसवताना कळत होतं. मी कडी बसवून घेतली. ठाण्यात गेलो नाही.

तो दोषी होता का? मला तेव्हा माहीत नव्हतं. आजही नाही. 

दोन वर्षांनी खटला सत्र न्यायालयात उभा राहिला. प्रत्यक्ष पाहणारं कुणी नव्हतं. बोटांचे ठसे जुळत नव्हते. दागिने बाईंच्या पुतणीने ओळखले. ते दागिने आणि तो माणूस यांना जोडणारी गोष्ट एकच होती — पंचनामा. साक्षीच्या आठवडाभर आधी पानवाला गावी गेला, आणि समन्स परत आलं. राहिलो मी.

मी ठरवलं होतं की कोर्टात खरं सांगायचं. खरंच ठरवलं होतं. साक्षीच्या आदल्या दिवशी फौजदारांनी बोलावून घेतलं. तोवर त्यांची बढती झाली होती. चहा मागवला. माझ्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं कोण जाणे, पण म्हणाले, “पेपरवाल्यांना कधी कधी सुचतं काहीतरी. तुम्हाला म्हणून सांगतो. आता फिरलात तर खोटा पंचनामा केला म्हणून आधी तुम्ही आत जाल. मजकूर कोणी सांगितला हे हवालदाराला आठवतंय. सही तुमचीच आहे ना?”

आवाज वर गेला नाही. हसतच बोलले.

त्याच दुपारी मी मिठागरावर गेलो. बांध, दगड, झोपडी, सगळं पाहून घेतलं. पावलं मोजली. जागा पाहिल्याशिवाय लिहायचं नाही असा आमच्याकडे नियम होता. मी आधी लिहिलं होतं, जागा आता पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी कचेरीत रजा टाकली आणि शपथ घेतली. 

पिंजऱ्यात रंगारी उभा होता. मी त्याला त्याआधी नीट पाहिलेलंच नव्हतं. फक्त आवाज ऐकला होता. सडपातळ, चाळिशीचा, शर्टाची वरची गुंडी लावलेली. तो माझ्याकडे पाहत होता, ओळखीच्या नजरेने नाही, रागानेही नाही. हा माणूस कोण, आपण याला कुठे पाहिलं, असं आठवायचा प्रयत्न करणाऱ्या माणसासारखा.

मी सांगितलं. वाट सांगितली, पावलं सांगितली. बचावाचा वकील सरकारने दिलेला होता. त्याने विचारलं, तुमची पोलिसांशी मैत्री आहे ना? मी म्हटलं, मी बातमीदार आहे, पोलिसांविरुद्धही लिहितो. ते खरं होतं. तो म्हणाला, तुम्ही तिथे गेलाच नव्हतात असं माझं म्हणणं आहे. मी म्हटलं, ते खोटं आहे. वीस मिनिटांत मी मोकळा झालो.

पुढे आरोपीचा जबाब झाला. पुराव्यातली एकेक गोष्ट न्यायाधीश त्याला विचारतात आणि त्याला काय म्हणायचंय ते उतरवून घेतात. मी त्या दिवशी गेलो, मागच्या बाकावर बसलो. जाणं भाग नव्हतं. न जाणं जमलं नाही. बांधाबद्दल विचारलं, तो म्हणाला, माका न्हेल्यानीच नाय. दागिन्यांबद्दल विचारलं, तो म्हणाला, माका ठाऊक नाय. मग न्यायाधीशांनी विचारलं, वाटेत तुम्ही पाणी मागितलंत आणि हवालदारांनी दिलं, असं पंच म्हणतात. याबद्दल काय सांगायचं आहे?

इतका वेळ खाली मान घालून उभा असलेला तो माणूस एकदम ताठ झाला.

“पाणी मागलंय, सायब. कितीदा मागलंय. पण कोणी दिल्यानी नाय.”

कुठे मागितलं हे त्याला कुणी विचारलं नाही. त्यालाही सुचलं नाही. त्याच्या मनात पाणी एकाच ठिकाणी मागितलेलं होतं, ते वेगळं सांगायचं कशाला? कोर्टात ते कुठे मागितलं हे माहीत असलेली माणसं दोनच होती. दुसरा मी. जबाब इंग्रजीत टंकून झाला. पाणी मागितले हे खरे, दिले हे खरे नाही.

मी उठून उभा राहू शकलो असतो का? मी बसून राहिलो, एवढं आठवतं. 

निकालाच्या दिवशी मी बातमीसाठी गेलो. दोषी ठरला. सरकारी वकिलांनी फाशी मागितली. शिक्षेची घोषणा दुसऱ्या दिवशी होती. ते सबंध चोवीस तास मी स्वतःला सांगत होतो — फाशी झाली तर बोलायचं. काहीही होवो. दुसऱ्या दिवशी जन्मठेप झाली. मला सुटल्यासारखं वाटलं. खरं सांगतो, आनंदच झाला. जन्मठेप म्हणजे मी गप्प बसायला मोकळा, असा त्याचा अर्थ मी लावला.

कोर्टाच्या बाहेर एका बाईने मला थांबवलं. हातात वही पाहून विचारलं, तुमी पेपरवाले? ती रंगाऱ्याची बायको होती. चार घरची धुणीभांडी करायची, तारखांना येणं तिला क्वचितच जमायचं. माझ्या साक्षीच्या दिवशी ती आली नव्हती. मी कोण ते तिला ठाऊक नव्हतं. माझं मालवणी ऐकून तिला धीर आला. गाव विचारलं. शेजारचाच तालुका निघाला. मी घराचा पत्ता दिला. का दिला? नाही म्हणता आलं नाही. त्या वर्षांत मला कशालाच नाही म्हणता येत नव्हतं.

महिन्याभराने, रविवारी दुपारी, ती आमच्या घरी आली. निकालपत्राची नक्कल तिला मिळाली होती. सगळं इंग्रजीत. अपील करायचं होतं आणि वकिलाने विचारलं होतं की नवऱ्याने आणखी काही सांगितलंय का. ती म्हणाली, “कशावरसून ठरवल्यानी, तितक्यांच माका वाचून सांगा. मगे मी वकिलाक काय ता सांगतंय.”

आईने तिला बसवलं, चहा दिला, वर पोहे दिले. “वाच रे नीट. घाई करू नको,” म्हणाली. आणि स्वतःही समोर बसली.

मी वाचू लागलो. पानं उलटत गेलो आणि त्या परिच्छेदाशी आलो. माझ्याबद्दलचा होता. न्यायालयाने लिहिलं होतं की हा पंच सुशिक्षित आहे, पत्रकार आहे, आरोपीशी त्याचं वैर नाही. त्याने दिलेला पाण्याचा तपशील इतका साधा आणि अनावश्यक आहे की तो रचलेला असणं संभवत नाही. शिवाय पाणी मागितल्याचं आरोपीला स्वतःलाच मान्य आहे. पाणी दिलं की नाही, एवढाच वाद उरतो.

मी तो परिच्छेद मनात वाचला. तोंडाने म्हटलं, “दागिने सापडले, ते ओळखले गेले. म्हणून.”

“आणि पाण्याचा?” तिने विचारलं. “तुरुंगात भेटाक गेल्लंय तेव्हा ह्ये सांगी होते, पाण्याचा कायतरी इचारल्यानी. पाणी त्येनी कोठडीत मागलेला, वाटेर नाय. तां वकिलाक सांगूचा काय? लिवला हा काय ह्याच्यात पाण्याचा?”

आई माझ्याकडे पाहत होती. ती बाई माझ्याकडे पाहत होती. तिचं बोट कागदावर होतं, नेमकं त्याच पानावर. तिला वाचता येत नव्हतं.

मी म्हटलं, “नाही. पाण्याचं काही नाही.”

“मगे नको सांगूक?”

“गरज नाही.”

तिने कागद घडी करून पिशवीत ठेवले. आईच्या पाया पडली. मला म्हणाली, तुमचे लय उपकार झाले.

हेच ते. सही नव्हे, शपथही नव्हे. सही मी उत्साहात केली, शपथ भीतीने मोडली. या वेळी समोर फौजदार नव्हता. पोहे खाणारी एक बाई होती, आणि तिला एक साधी गोष्ट हवी होती — वकिलाला काय सांगायचं ते. ती बरोबर जागी पोचली होती. मी तिला तिथून परत पाठवलं.

वकिलाने निकालपत्र वाचलं असणारच. पण पाणी कोठडीत मागितलं होतं हे त्याला कुणी सांगितलं नसावं. तसं ती त्याला सांगती, तर त्याने विचारलं असतं — कोठडीत मागितलेलं पाणी बांधावरच्या पंचनाम्यात आलं कसं? ते ऐकणारा पंच त्या वेळी होता कुठे? मग सगळं उकललं असतं. कदाचित नसतंही. हे ‘कदाचित’ मी शिल्लक ठेवतो, कारण खरोखरच मला माहीत नाही. पण स्वतःच्या बचावासाठी मी ते वापरणार नाही.

ती गेल्यावर आईने दार लावलं. त्यानंतरची कितीतरी वर्षं दुपारी दार वाजलं की मी आधी आतून विचारायचो, कोण? आणि उत्तर यायच्या आत दुसरी कडी चाचपून पाहायचो. फौजदाराचा माणूस असेल. ती असेल. ज्याने बाईंचा गळा दाबला आणि ज्याचं नाव कुणालाच माहीत नाही, तो असेल. लग्न झाल्यावर बायकोला वाटलं, ह्याचा स्वभावच भित्रा आहे. मी तिला तसंच वाटू दिलं.

तीन वर्षांनी उच्च न्यायालयात अपील निघालं. पाण्याचा मुद्दा त्यात नव्हता. अपील फेटाळलं गेलं, जन्मठेप कायम झाली. ती बातमी मीच लिहिली. आतल्या पानावर, चार ओळी. चौथी ओळ अशी होती: ‘स्वतंत्र पंचाची साक्ष न्यायालयाने ग्राह्य धरली.’ पंचाचं नाव दिलं नाही. जागा नव्हती, असं सांगता आलं असतं. कुणी विचारलं नाही.

फौजदार निवृत्त झाले आणि वारले. हवालदारही गेला. आई गेली. मला धमकावू शकेल असं आता कुणी उरलेलं नाही, हे मी मोजून पाहिलं आहे. 

गेल्या वर्षी मी कोकणातल्या एका जुन्या तालुका वार्ताहराला पत्र लिहून त्या माणसाची चौकशी केली. कारण दिलं नाही. त्याचं उत्तर आलं. त्यात लिहिलं होतं ते असं. रंगाऱ्याची बायको तो तुरुंगात असताना वारली. अंत्यविधीला त्याला रजा मिळाली नाही. शिक्षा भोगून तो सुटला आणि गावी परतला. भावाच्या घरी, पडवीत राहतो. आता वय झालं आहे, काम करत नाही. बोलणं व्यवस्थित आहे, स्मरणशक्ती चांगली आहे. खाली गावाचा पत्ता आणि एसटीच्या थांब्याचं नाव दिलं होतं. मी अजून गेलेलो नाही.

वार्ताहराने स्वतः जाऊन, त्याला भेटून, हे तपासलं होतं.